जुनी इंग्लिश चांदी : चमचे, काटे, किटल्या – जमवणाऱ्यांनी आणि घरात सापडलेल्यांनी इथे लिहा

रुपेरी_वाळू

नमस्कार मंडळी. बर्मिंगहॅमला राहून अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ मी जुन्या इंग्लिश चांदीच्या नादात आहे. दागिने नव्हेत, जेवणाच्या टेबलावरची चांदी. चमचे, काटे, मिठाच्या वाट्या, चहाच्या किटल्या. मराठीत या विषयावर फारसं लिहिलेलं सापडत नाही आणि घरी असल्या वस्तू असूनही त्या ओळखता न आल्यामुळे मोडीत गेल्याचं दोन-तीनदा ऐकलं, म्हणून हा धागा.

पहिला चमचा मला रविवार सकाळच्या बाजारात मिळाला. इथे मैदानावर लोक गाडीच्या डिकीतून घरचं जुनं सामान विकतात. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात स्टीलचे तीस-चाळीस चमचे चकाकत होते आणि त्यात एकच काळाकुट्ट. हातात धरला तर मिनिटभरात बोटांची ऊब त्याने घेतली. स्टील तसं करत नाही. दांड्याच्या पाठीमागे पाच बारके ठसे होते. बाईंनी बाकीच्या चमच्यांच्याच भावात दिला. घरी येऊन भिंगाखाली धरला तेव्हा कळलं की हा चमचा आपल्याच गावात तपासला गेलाय, 1800च्या थोडं आगेमागे. त्या रात्री झोप लागली नाही.

तर ते ठसे. जुन्या इंग्लिश चांदीवर 925 असा आकडा नसतो. आकडा सक्तीचा झाला 1999 पासून. त्याआधी स्टर्लिंगची खूण म्हणजे चालणारा सिंह, एक पंजा उचललेला. हा 1544 पासून आहे. हजारात 925 भाग चांदी, उरलेलं मुख्यतः तांबं, एवढं तो सिंह सांगतो. शेजारी गावाची खूण. लंडनचा बिबट्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे), शेफील्डचा मुकुट, एडिंबराचा किल्ला. समुद्रापासून इतक्या दूरच्या बर्मिंगहॅमला नांगर कसा? 1773 मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्डला आपापली ठसा-कचेरी मिळाली, त्या खटपटीत मंडळी लंडनला ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खाणावळीत बसत, त्यावरून एकाने मुकुट घेतला आणि दुसऱ्याने नांगर, असं इथे सांगतात. त्याआधी बर्मिंगहॅमच्या कारागिरांना माल तपासायला चेस्टर नाहीतर लंडनला पाठवावा लागे. वाटेत माल चेपायचा, चोरीला जायचा. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टनने पार्लमेंटपर्यंत धडक मारून ती कचेरी आणली.

तिसरी खूण वर्षाचं अक्षर. ही पद्धत लंडनला 1478 पासून. त्याच सुमाराला कारागिरांना माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणून ठसा मारून घ्यावा लागू लागला. आपण पेठेत जाऊन ‘हॉलमार्क आहे ना?’ विचारतो, तो हॉल हाच. चौथी खूण कारागिराची आद्याक्षरं. पाचवी, राजाचं किंवा राणीचं डोकं, ही कर भरल्याची पावती. 1784 ते 1890 या काळातच ती दिसते. म्हणजे डोकं असलं की चांदी बहुधा त्या 106 वर्षांतली, हे अक्षर न वाचताही कळतं.

घरात असं काही असेल तर ठसे बघून इथे लिहा. फोटो नसला तरी चालेल, शब्दांत सांगा.

उंबरठा

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे इंग्लिश असं काहीच नाही, पण बिबट्या आणि सिंह शेजारी शेजारी वाचून मजा वाटली.

रुपेरी_वाळू

@उंबरठा, तो बिबट्यासुद्धा मुळात सिंहच. जुन्या फ्रेंच वंशचिन्हांच्या भाषेत समोर बघणाऱ्या सिंहाला ‘लेपर्ड’ म्हणत, नाव तसंच राहिलं. 1300 सालच्या पहिल्या एडवर्डच्या कायद्यात हा चेहरा आहे.

पेठेतला_नातू

धागा अगदी वेळेवर आला. आमच्या आजोबांना 1947 मध्ये कॅम्पातल्या एका साहेबाने जाताना सहा मोठे चमचे दिले होते. आजोबा त्याच्या बंगल्यावर हिशेब बघायचे. आजी ते फक्त दिवाळीला काढायची, श्रीखंड वाढायला. आई मागच्या वर्षी गेली. कपाट आवरताना सहाही चमचे तिच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेले सापडले.

आमच्या नेहमीच्या सराफांकडे नेले. त्यांनी एक कसोटीवर घासला, म्हणाले टंच (शुद्धता) कमी आहे, मोडीत घाला, घट धरून एवढे एवढे देतो. बायको म्हणाली थांबा. म्हणून थांबलोय. ठसे आहेत, चार-पाच. एक अक्षर ‘एन’ आहे. बाकी मला वाचता येईना. काय करू?

रुपेरी_वाळू

@पेठेतला_नातू, वहिनींना माझा नमस्कार सांगा. काहीही मोडीत घालू नका. सराफांनी टंच बरोबर सांगितला. आपल्याकडची शुद्ध चांदी डोळ्यांसमोर ठेवली तर 92.5 टक्के कमीच वाटणार. पण मोडीत फक्त धातूचे पैसे मिळतात आणि ठसे मुशीत जातात. 1979-80 मध्ये अमेरिकेत हंट बंधूंच्या सट्ट्याने चांदी औंसाला सहा डॉलरवरून जवळजवळ पन्नासवर गेली, तेव्हा पोत्यांनी जुनी भांडी वितळवली गेली. दोन महिन्यांत भाव कोसळला. गेलेलं परत आलं नाही.

आता कामाचं. ‘एन’ कोणता, मोठा की लहान लिपीतला? आणि लंडनचा चेहरा असेल तर त्याच्या डोक्यावर मुकुट आहे का? लंडनला वीस अक्षरांची फेरी असते, ए ते यू, मधला जे वगळून. 1776 ला लहान ए, 1796 ला मोठा ए, 1816 ला परत लहान. त्यामुळे या फेऱ्यांत तुमचा एन तीन ठिकाणी बसू शकतो. लहान लिपीतला 1788 चा किंवा 1828 चा, मोठा 1808 चा. मुकुट 1821 ला निघाला, म्हणजे लहान एन आणि मुकुट नाही तर 1828. राजाचं डोकं कुठल्या बाजूला बघतं तेही लिहा.

भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. उजेड समोरून नको, बाजूने तिरपा पडू द्या. ठशाची खोली सावलीत दिसते.

हुपरीचा_हातोडा

आमच्या घरी चार पिढ्या चांदीचं काम आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

कसोटीवर घासताना सराफ बहुतेक वेळा दांड्याची कड घासतात. जुन्या वस्तूवर ते करू देऊ नका आणि कानस तर अजिबात लावू देऊ नका. आता सगळीकडे मशीन आलंय, किरण सोडून टंच सांगतं, वस्तूला ओरखडा नाही. पैसे लागतील थोडे, पण तेच करा. मात्र मशीन वरवरचं वाचतं. मुलाम्याचा थर जाड असला तर फसतं. ठसा आणि मशीन, दोन्हींचं जुळलं पाहिजे.

दुसरं, झाळ, म्हणजे डाग देऊन जोडलेला सांधा, ओळखायला शिका. वस्तूवर तोंडाने वाफ सोडा, आरशावर सोडतो तशी. वाफ उडून जाताना झाळाची रेघ वेगळी दिसते. नाव खोडून पुन्हा गुळगुळीत केलेलं असेल तर तेही क्षणभर दिसतं. आमचे आजोबा जुन्या तोड्याची दुरुस्ती अशीच पकडायचे. इंग्लिश चांदीलाही तोच नियम लागणार, धातू तोच आहे.

नदीकाठ

@हुपरीचा_हातोडा, वाफेची युक्ती इथले दुकानदारही करतात, अगदी तशीच!

मी लंडनला असतो, विकत घेणाऱ्यांसाठी लिहितो. आधी बघा, मग घ्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये चांदीची मोठी दालनं आहेत, प्रवेश फुकट. तिथे शनिवारी तीन-चार तास नुसतं फिरा. मग चॅन्सरी लेनला जमिनीखाली लंडन सिल्व्हर व्हॉल्ट्स आहेत, तिजोरीच्या जाडजूड दारांमागे एकेक दुकान. तिथले लोक हातात देतात, प्रश्न विचारले तर मनापासून सांगतात. मी पहिली दोन वर्षं काहीही न घेता जात होतो.

लिलावात एक लक्षात ठेवा, हातोडा पडलेला भाव हा शेवटचा नसतो. त्यावर खरेदीदाराकडून लिलावघराची टक्केवारी आणि तिच्यावर कर. मी पहिल्या वेळी हे धरलंच नव्हतं, एका मोहरीच्या डबीने महिन्याचं गणित बिघडवलं.

खोटेपणाबद्दल. सरसकट खोट्या ठशांपेक्षा खऱ्या ठशांची वस्तू बदललेली जास्त भेटते. जुने काटे चमच्यांपेक्षा खूप कमी टिकले, किंमत जास्त, म्हणून चमच्याची वाटी कापून काटे केलेले असतात. अशा काट्याचे दाते पातळ असतात, दांड्याच्या जाडीशी जमत नाहीत. बिअर प्यायच्या साध्या टँकार्डला नंतर तोटी लावून सुरई केलेली सापडते. नवीन भाग जोडला आणि तो तपासून घेतला नाही, तर तसं विकणं इथे 1973 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ‘बेरी स्पून’ म्हणून फळांची नक्षी उठवलेले चमचे भेटतील, त्यातले बरेच साधे जॉर्जियन (जॉर्ज राजांच्या काळातले) चमचे व्हिक्टोरियन काळात ठोकून नटवलेले. गुन्हा नाही, पण मला बघवत नाहीत. एवढी सुंदर रेषा आणि तिच्यावर द्राक्षं.

1720 नंतर औंसाला सहा पेन्स कर लागला, तेव्हा काही कारागीर छोट्या वस्तूवर कर भरून ठसे मारून घेत आणि तो तुकडा कापून मोठ्या किटलीच्या बुडाशी झाळत. असली किटली आज मिळाली तर ती स्वतःच इतिहास आहे. वाफेची परीक्षा बुडाशी करा.

पेठेतला_नातू

रात्री बसून बघितलं. मुलाने मोबाईल धरला, मी चमचा.

पाच चमचे सारखे. मोठ्या लिपीतला एन. चेहरा आहे, डोक्यावर मुकुट आहे, वरचं टोक झिजलंय पण मुकुटच. चालणारा सिंह. राजाचं डोकं उजवीकडे बघतं. आणि एका चौकटीत वर पी बी, खाली डब्ल्यू बी. दांडा वरच्या टोकाला रुंद, आणि वाटीजवळ दांड्याला दोन्हीकडे टोकदार खांदे आहेत. पुढच्या बाजूला एक मूठ आणि मुठीत बाण असं बारीक कोरलंय. वजनकाट्यावर ठेवला तर एकेक 60 ग्रॅमच्या वर भरतो.

सहावा चमचा दिसायला तसाच, पण हलका आहे आणि त्याचे ठसे वेगळे.

रुपेरी_वाळू

नातू, मला आत्ता तुमच्याकडे यावंसं वाटतंय!

लंडन, 1808. अक्षर मे महिन्यात बदलायचं, म्हणून नेमकं म्हणायचं तर 1808-09. डोकं तिसऱ्या जॉर्जचं. आणि पी बी, डब्ल्यू बी म्हणजे पीटर आणि विल्यम बेटमन. काका-पुतणे. 1805 ते 1815 त्यांचा हा एकत्र ठसा होता.

त्या घराबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पीटरची आई हेस्टर बेटमन. नवरा 1760 मध्ये गेला, पदरात मुलं, लंडनच्या बनहिल रोवर छोटा कारखाना. 1761 मध्ये या बाईने स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला, वळणदार एच बी. तिला लिहिता येत नव्हतं. पुढची जवळजवळ तीस वर्षं तिने तो कारखाना चालवला आणि 1790 मध्ये मुलांच्या हाती दिला. मग मुलगे, सून अ‍ॅन, नातू विल्यम. कारखान्याने पातळ पत्रा, यंत्राची मदत असं सगळं वापरून मध्यमवर्गाला परवडेल अशी चांदी केली. श्रीमंतांचे कारागीर वेगळे होते. पॉल डी लॅमरी झाला, तो फ्रान्समधून निर्वासित झालेल्या ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) कुटुंबातला. तुमच्या चमच्यांच्याच काळातला पॉल स्टॉर. त्यांची भांडी म्युझियमच्या काचेत बघायची. बेटमनचा चमचा हातात धरून जेवता येतं, मला तो जास्त जवळचा.

खांदे असलेल्या या घाटाला इथे ‘फिडल’ म्हणतात. त्याआधीच्या ‘हॅनोव्हेरियन’ घाटात दांड्याचं टोक वरच्या बाजूला वळतं आणि घराण्याचं चिन्ह पाठीवर कोरतात, कारण तेव्हा टेबलावर चमचे पालथे मांडत. पुढे 1760 च्या सुमारास चमचे उताणे मांडू लागले, टोक खाली वळलं आणि चिन्ह पुढे आलं.

आता एक करा. चमचा समोर धरून वाटीचं टोक बघा. डावीकडची कड जास्त झिजलेली आहे का?

पेठेतला_नातू

हो! चार चमच्यांची डावी बाजू तिरकी झालीय. मला वाटलं बनवतानाच तसे आलेत.

रुपेरी_वाळू

उजव्या हाताने ताटलीचा तळ खरवडत खाल्लं की डावी कड झिजते. त्यात साहेबांच्या घरची जवळजवळ एकशेचाळीस वर्षं आहेत आणि तुमच्या आजींचं श्रीखंडही असणार.

सहाव्याचे ठसे लिहा.

माजघर

मध्येच विचारते. सासूबाईंकडे एक चहाचा सेट आहे, किटली, दूधदाणी, साखरेचं भांडं. खाली चार छोट्या ढाली, प्रत्येकीत एकेक अक्षर, ई पी एन एस. सगळे चांदीचा म्हणतात.

नदीकाठ

@माजघर, ती चांदी नाही, चांदीचा मुलामा आहे. अक्षरांचा अर्थ, निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा. निकेल सिल्व्हरमध्ये चांदीचा कण नसतो, तांबं, निकेल आणि जस्त. आपल्याकडचं जर्मन सिल्व्हर तेच. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी 1840 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि चांदीचं टेबल सामान्य घरात आलं. ढालीत अक्षरं मुद्दाम अशी मारत की लांबून हॉलमार्क वाटावा.

त्याच्या आधीची पद्धत ‘शेफील्ड प्लेट’. 1743 च्या सुमारास थॉमस बोल्सओव्हरने तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव केला आणि मग दोन्ही मिळून लाटले. त्या भांड्यांच्या कडा झिजल्या की खालून तांबूस रंग डोकावतो. तो रंग बघून लोक पुन्हा मुलामा देतात. कृपा करून देऊ नका, वस्तू मरते.

सेट मात्र वापरा. मुलामा असला म्हणून चहा वाईट लागत नाही.

माजघर

सासूबाईंना आत्ताच नाही सांगणार :) पण वापरायला काढते. घासायचा कशाने? आमच्याकडे देवाची चांदी रांगोळीने नाहीतर टूथपेस्टने घासतात.

रुपेरी_वाळू

रांगोळी नको, टूथपेस्ट नको, राख नको, तांब्या-पितळेची पावडर तर मुळीच नको. ही सगळी खरखरीत. प्रत्येक घासणीला थोडी चांदी जाते आणि आधी जातात ते ठसे. मुलाम्यात तर थरच किती असतो!

काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक. अंडं, कांदा, लोकर आणि रबर यांच्यामुळे चढतो. चमच्यांच्या जुडीला रबर बँड लावून ठेवलं की महिन्याभरात काळा पट्टा उमटतो, तो जाता जात नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, लगेच कोरडं. रोज वापरून असंच धुतलं तर पॉलिशची गरजच पडत नाही. फारच काळं असेल तर चांदीसाठी मिळणारं मऊ पॉलिश, वर्षातून एकदा. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खायचा सोडा घालून गरम पाण्यात बुडवायचा उपाय सगळे सांगतात. काळं निघतं, खरं आहे. पण कोरीव रेषांमधली जुनी काळी सावलीसुद्धा निघते आणि नक्षी सपाट दिसू लागते. मी एकदा केलं, एका साखरेच्या चिमट्यावर. परत नाही.

मिठापासून सगळ्यात जपायचं. मीठ चांदी खातं, हिरवट-काळे खड्डे पडतात. म्हणून मिठाच्या वाट्यांना आतून सोन्याचा मुलामा किंवा निळ्या काचेची वाटी असते. जेवण झालं की मीठ काढून ठेवायचं. आमटी-भाजीला चमचे बिनधास्त वापरा, फक्त खरकटे रात्रभर ठेवू नका. चांदीच्या मुठीच्या सुऱ्या मात्र पाण्यात बुडवू नका. मुठी पातळ पत्र्याच्या, आत राळ भरलेली, गरम पाण्याने राळ सुटते आणि पातं हातात येतं. भांडी धुण्याच्या यंत्रात तर नाहीच.

हुपरीचा_हातोडा

मेणबत्तीच्या दांड्यांचंही तसंच. आत राळ आणि लोखंडी सळई असते. वजन करून चांदीचा भाव लावाल तर फसाल.

ठेवायचं कसं तर मऊ सुती कापडात. नातूसाहेबांच्या आईंनी नऊवारीत ठेवले ते योग्यच केलं. धुवून धुवून मऊ झालेलं लुगडं चांगलं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका.

दूरदेशी

कायद्याचं एक विचारलं गेलं नाही म्हणून लिहितो. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे भारतात शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. नातूंचे चमचे मुळात लंडनचे असले तरी आता ‘लंडनला लिलावात पाठवू’ असं मनात आणून परस्पर पार्सल करू नका. आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

पेठेतला_नातू

पाठवायचे नाहीतच. काल घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं.

सहाव्याचे ठसे बघितले. @माजघर, तुमच्यासारखेच! चार ढाली, ई पी एन एस. दांड्यावर मूठ नाही, बाण नाही. घाट मात्र हुबेहूब. म्हणजे साहेबाच्या घरी कधीतरी एक हरवला असेल आणि सहाची जुडी पुरी करायला तो आणला असेल, नाहीतर आजीनेच. आत्याला फोन केला. ती 84 वर्षांची आहे. म्हणाली, एक चमचा विहिरीत पडला होता, मीच पाडला, मार खाल्ला होता. मग आजोबांनी कॅम्पातून एक आणला आणि आजीला सांगितलं की सापडला.

आत्याला आजवर वाटत होतं की खरंच सापडला.

रुपेरी_वाळू

सहाही एकत्रच ठेवा. आणि आत्यांनी सांगितलेलं कागदावर लिहून त्याच कापडात ठेवा, तारीख घालून.

पेठेतला_नातू

लिहिलं. मुलाच्या अक्षरात. येत्या पाडव्याला श्रीखंड आहे, आत्या येतेय. सहावा चमचा तिच्या पानात.